मागच्या बॅटरीचा फ्यूज

३ फेब्रुवारी, मंगळवार

हिशेबाच्या वहीची मागची पंधरा-वीस पाने दरवर्षी कोरी राहतात आणि तशीच रद्दीत जातात. यंदा ठरवले की त्यांवर रोजचे काहीतरी लिहावे. मॅट्रिकला निबंधात मला चांगले गुण होते. त्यानंतर तीस वर्षांत वाण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलेले नाही.

आज शेडमध्ये मोठे काम आले. शेड म्हणजे घरापुढचा पत्रा, तेच ह्यांचे गॅरेज. स्वयंपाकघराची खिडकी तिकडेच उघडते. त्यामुळे गिऱ्हाईक काय बोलते ते मला कळते आणि आमच्याकडे काय करपले ते गिऱ्हाइकाला कळते. हे गाड्यांच्या विजेचे काम करतात. इंजिनाला हात लावत नाहीत. "पोट दुसऱ्याने बघावं, मी नसा बघतो," असे म्हणतात.

गाडी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंची आहे. चारही चाकांनी ओढणारी, उंच. चढायला मला तर शिडी लागेल. बाई तिशीच्या आतल्या, केस आखूड, आवाज खणखणीत. कोरड्या नदीपलीकडे ज्या वस्त्या आहेत तिथे त्या लस टोचायला जातात. त्यांना दोन वस्तू बसवून हव्यात, दुसरी बॅटरी आणि हवेचा कॉम्प्रेसर. वाळूत शिरताना चाकांतली हवा कमी करावी लागते, म्हणजे चाक पसरते आणि रुतत नाही. पलीकडे खडक लागला की तीच हवा परत भरायची, आणि हातपंपाने चार चाके भरता भरता हात गळून जातात. शिवाय लसीची थंड पेटी रात्रभर बॅटरीवर चालते आणि सकाळी गाडी सुरूच होत नाही.

"एकदा तर काकू, ज्या बैलांना टोचायला गेले त्यांनाच जुंपून गाडी ओढून काढली," बाई म्हणाल्या. "नंतर त्यांना सुई मारायची मलाच लाज वाटली."

सोमवारी त्यांना निघायचे आहे. ह्यांनी हो म्हटले. ह्यांना नाही म्हणता येत असते तर आमची शेड आज सिमेंटची असती.

साबणाची वडी आज अर्धी कापून ठेवली. ते बघून सासूबाई म्हणाल्या, "ही एक दिवस चप्पलही एकाच पायाची आणील. दुसरा पाय उचलून चाला म्हणेल."

५ फेब्रुवारी, गुरुवार

जेवताना मी विचारले, दोन बॅटऱ्या कशाला, एकच मोठी बसवली तर. ह्यांनी तांब्या आणि कळशी पुढ्यात ओढली.

"हा तांब्या पुढची बॅटरी, ही कळशी मागची. इंजिन सुरू झालं म्हणजे नळ आला, दोन्ही भरतात. नळ गेला की मधली चावी आपोआप बंद. मग पेटीने आणि कॉम्प्रेसरने कळशीतलं किती का उपसेना, तांब्या भरलेलाच. सकाळी गाडीला तोंड धुवायला पाणी शिल्लक."

इतके सोपे करून सांगतात की वाटते, शिकले असते तर मास्तर झाले असते.

सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "खेळून झालं असेल तर त्यातलं घोटभर मला द्या."

त्यांचे खुब्याचे हाड मोडल्याला दोन वर्षे झाली. हवेच्या उशीवर निजतात. उशीची हवा हळूहळू जाते आणि ती मला दर दोन दिवसांनी तोंडाने भरावी लागते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

सामान नेहमी मीच आणते. हे दुकानात गेले तर सांगितला भाव देतात आणि वर दुकानदाराच्या बायकोची तब्येत विचारून येतात. आज यादी घेऊन गाड्यांच्या सुट्या सामानाच्या दुकानात, चष्मेवाल्याकडे गेले. दुकानाला नाव आहे, पण सगळे त्याला चष्मेवालाच म्हणतात. ह्यांच्या तिरक्या अक्षरात यादी अशी: जाड केबल सहा मीटर, टोकाच्या टोप्या आठ, पत्र्याच्या भोकात बसवायच्या रबरी कड्या चार, मोठा फ्यूज डबीसकट २.

त्याने दोन फ्यूज काढून ठेवले. एकेकाची किंमत ऐकून मी हात मागे घेतला. त्या एकाच्या पैशात सासूबाईंचे महिन्याचे मलम येते.

"केबल एकच आहे, मग फ्यूज दोन कशाला?" मी विचारले.

"मी विकतो वहिनी, बसवत नाही. यादीत दोन लिहिलेत."

आमच्या मीटरपाशी एकच फ्यूज आहे आणि त्यावर तीन खोल्या नि शेड चालते. गेल्या बारा वर्षांत तो दोनदा उडाला. दोन्ही वेळा उडाला आणि काम झाले. म्हणून मी एकच घेतला.

घरी आल्यावर हे म्हणाले, "एकच?"

मागच्या महिन्यात चिकटपट्टीचे दोन गुंडाळे कमी आणले म्हणून हे दोन दिवस माझ्याशी बोलले नव्हते. ते आठवले आणि तोंडून निघून गेले, "एकच शिल्लक होता. परवापर्यंत येतील म्हणाला."

ह्यांनी फ्यूज हातात उलटसुलट केला. "दोन लागतात गं. केबलच्या दोन्ही टोकांना बॅटरी आहे."

मला ते कळले नाही आणि मी विचारलेही नाही. म्हटले, "मग एकाने भागणारच नाही का?"

"काही झालं नाही तर भागतंच की."

संध्याकाळी देवापुढे कान धरले. खोटे तर खोटे, पण ते मलमाएवढेच होते.

८ फेब्रुवारी, रविवार

काम झाले. मागच्या सीटखाली बॅटरी, तिच्याशेजारी कॉम्प्रेसर, त्याला पिवळी लांब नळी. ह्यांनी बटण दाबले तेव्हा शेडचा पत्रा थरथरला. चाक डोळ्यांदेखत फुगले. बाई मुलीसारख्या टाळ्या वाजवत होत्या.

मग हे नळी घेऊन घरात आले आणि सासूबाईंच्या उशीला लावली. मला पाव तास फुंकावे लागते, ती उशी दहा मोजेपर्यंत टम्म. सासूबाई एवढ्या वर आल्या की पलंगाचा कठडा धरून बसल्या. "अरे, मला गाडीला बसव आता," म्हणाल्या. बाई हसता हसता भिंतीला टेकल्या. किती दिवसांनी घरात इतके हसू झाले.

निघताना ह्यांनी बाईंना सांगितले, "मागच्या बॅटरीपाशी एक फ्यूज राहिलाय. आठ दिवसांत गाडी आणा. दहा मिनिटांचं काम."

"आठ दिवसांनी मी नदीपलीकडे असेन काका. आले की आणते."

हे थोडा वेळ गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले. मग हात काढला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

"चष्मेवाल्याकडे फ्यूज आले का?" ह्यांनी आज दुसऱ्यांदा विचारले. "विचारते," मी म्हटले. विचारले नाही. काय विचारायचे? जो मी स्वतः परत ठेवला तो आला का म्हणून?

पलीकडून येणाऱ्या दूधवाल्याबरोबर बाईंचा निरोप आला: कॉम्प्रेसर सोन्यासारखा चालतो, पेटी रात्रभर थंड असते, काकांना सांगा. म्हणजे एकाने भागते हे सिद्धच झाले. मनात जरा गर्व झाला. तोही लिहून ठेवते.

३ मार्च, मंगळवार

डॉक्टरीणबाईंची गाडी जळाली.

सकाळी त्यांच्या दवाखान्यातला कंपाउंडर सांगायला आला. काल दुपारी नदीच्या वाळूत. सीटखालून धूर आला, बाई उतरल्या. इंजिन बंद केले, तरी धूर थांबेना. मग त्या लसीची पेटी काढायला परत आत गेल्या. पेटी निघाली. दोन्ही हात भाजले.

हे शेडमध्ये स्टुलावर बसले ते दुपारपर्यंत उठले नाहीत.

४ मार्च, बुधवार

हे गाडी बघून आले. ताटावर बसले आणि तसेच उठले. "काय दिसलं?" विचारले तर म्हणाले, "काही उरलंच नाही दिसायला."

मी कालपासून एकच गोष्ट धरून बसले आहे. पेटीसाठी जळत्या गाडीत हात घालायला कोणी सांगितले होते? लस काय, परत आली असती. बाहेर आलेले माणूस आत जाते का? हे लिहिताना लाज वाटते, पण मनात आहे ते हेच. दुसरे म्हणजे तो कॉम्प्रेसर. एवढा हादरणारा राक्षस गाडीत ठेवल्यावर काय होणार? तिसरे, ह्यांचे डोळे. वर्षभर चष्म्याचे सांगते आहे, ऐकत नाहीत. एखादी टोपी सैल राहिली असेल.

बाईंच्या हातांसाठी एक लाख जप बोलले आहे. साखर सोडली.

७ मार्च, शनिवार

बारा हजार झाले. माळ ओढताना बोट दुखते. तेव्हा त्यांच्या बोटांची आठवण येते आणि मोजणी चुकते. चुकली की मागच्या शंभरापासून परत धरते. देवाकडे उधारी नको.

११ मार्च, बुधवार

विम्याचा साहेब आला. स्टुलावर बसला आणि पिशवीतून काळ्या केबलचा हातभर तुकडा काढून ह्यांच्या पुढ्यात ठेवला. मी खिडकीशी तांदूळ निवडत होते. तो काय म्हणाला ते जसेच्या तसे लिहिते.

"केबल सीटखाली पत्र्याला घासली. तुम्ही रबरी कडी बसवली होती, पण वाळूनं ती खरवडली गेली. हे कुणाच्याही हातून होतं, त्यात तुमचा दोष नाही. अशा वेळेसाठीच फ्यूज असतो. पुढचा फ्यूज उडालेला सापडला, म्हणजे त्यानं त्याचं काम चोख केलं. पुढच्या बॅटरीची वीज तुटली. पण केबलच्या दुसऱ्या टोकाला मागची बॅटरी होती ना? तिथून वीज येतच राहिली. शेगडीच्या तारेसारखी लाल झाली असेल केबल, आणि वर सीटचा स्पंज. मागच्या टोकाला फ्यूज का नाही?"

ह्यांनी तो तुकडा हातात घेतला.

"माहीत नव्हतं तुम्हाला?"

"माहीत होतं. दुकानात एकच शिल्लक होता."

"मग तसं दुकानदाराकडून लिहून आणा. माल नव्हता, एवढी एक ओळ. तुम्हाला उपयोगी पडेल."

तांदळातले खडे मी तांदळातच टाकले आणि तांदूळ सुपाबाहेर.

दोन्ही टोकांना बॅटरी आहे, असे हे म्हणाले होते. घरातली वीज एका बाजूने येते, तिला एक दार पुरते. ह्या केबलला दोन्हीकडून वीज येत होती. मला ते आज कळले, आणि कळले तेही परक्या माणसाकडून, खिडकीआडून. त्या दिवशी तांब्या-कळशी मांडून सांगा म्हटले असते तर ह्यांनी एका मिनिटात सांगितले असते. मी विचारले नाही, कारण विचारले असते तर दुसरा आणावा लागला असता.

बाईंचे हात कॉम्प्रेसरने जाळले नाहीत. ह्यांच्या डोळ्यांनीही नाहीत.

१२ मार्च, गुरुवार

सकाळी हे चांगला शर्ट घालून निघाले. चिठ्ठी आणायला. मी दारात उभी राहिले, पण सांगू शकले नाही. चष्मेवाला सांगणार, वहिनींनी परत केला. हे परत येतील तेव्हा काय? माळ हातात होती, पण एक नाव पुरे झाले नाही.

तीन तासांनी आले. "मिळाली चिठ्ठी?" मी विचारले.

"दुकान बंद होतं," म्हणाले. शर्ट खुंटीला अडकवला आणि भिंतीकडे तोंड करून निजले.

देवाने वाचवले. असे लिहिले आणि खोडावेसे वाटले, पण वहीत खाडाखोड करायची मला सवय नाही. देव असल्या गोष्टीत कशाला मदत करील?

सासूबाई म्हणाल्या, "बंद दुकानापुढे हा तीन तास काय करत होता?" मी म्हटले, गप्पा मारत असतील कोणाशी. "कुणाशी, कुलपाशी?" म्हणाल्या.

१३ मार्च, शुक्रवार

आज ह्यांनी मला वही-पेन घेऊन शेडमध्ये बोलावले. "विम्याच्या साहेबाला जबानी द्यायची आहे. तुझं अक्षर चांगलं. मी सांगतो तसं लिही."

मी लिहिले. "गाडीत दुसरी बॅटरी व कॉम्प्रेसर मी बसवला. केबलला दोन फ्यूज लागतात हे मला माहीत होते. मी एकच बसवला."

"पुढे लिही. दुसरा फ्यूज दुकानात होता. मी घेतला नाही."

पेन थांबले. मी मान वर केली नाही. "होता, असं लिहू?"

"होता, असंच लिही."

"पण तुम्ही साहेबांना..."

"ते मी घाईत बोललो. त्या गरीब चष्मेवाल्याला कशाला चौकशीत ओढायचं? लिही. आणि एक ओळ वाढव. सर्व सामान मी स्वतः आणतो. घरच्या माणसांचा या कामाशी संबंध नाही."

सामान ते आणत नाहीत हे सगळ्या बाजाराला माहीत आहे. पण बायको सामान आणते हे सरकारी कागदावर यावे असे कोणत्या पुरुषाला वाटेल? आणि चष्मेवाल्याची भीड. ज्याला भाव करता येत नाही तो माणूस असाच. दुसऱ्याचे ओझे दिसले की खांदा पुढे करतो. मी लिहीत गेले. आयुष्यात एक आकडा खोटा मांडला नाही, आणि आज कागदभर खोटे माझ्या सुवाच्य अक्षरात उतरले. ह्यांनी खाली सही केली. सही वाकडी आली.

त्या वेळी मी बोलायला हवे होते. एवढेच म्हणायचे होते, अहो, मी परत केला. चार शब्द. ह्यांना वाटते आहे की आपण चष्मेवाल्याला वाचवतो आहोत, आणि मी समोर बसून त्यांना तसे वाटू दिले.

कागदाची घडी घालताना हे म्हणाले, "यापुढे सामान मीच आणत जाईन."

२१ मार्च, शनिवार

रुग्णालयात गेले. बाईंना सगळे सांगायचे असे ठरवूनच गेले. ह्यांना नाही तर निदान ज्यांचे हात गेले त्यांना तरी.

बाई खाटेवर बसल्या होत्या. दोन्ही हात कोपरापर्यंत पांढरे, पुढ्यात उशीवर ठेवलेले, जसे कोणी दुसऱ्याचे सामान सांभाळावे. आवाज तोच, फक्त हळू.

"काकू, आधी एक काम करा. नाकाच्या शेंड्याला तासभर खाज येतेय. नर्सला सांगून सांगून थकले."

मी पदराने नाक पुसले. मग म्हणाल्या, केस विंचराल का. कोणी फणी फिरवली नव्हती. मी मागे बसून हळूहळू गुंता काढला. जळलेल्या केसांचा वास अजून होता. फणीत पुढच्या बटांचे तुकडे येत होते. ते मी मुठीत धरून ठेवले, त्यांना दिसू नयेत म्हणून.

"डाव्याची आशा आहे," त्या म्हणाल्या. "उजव्याची दोन बोटं वळणार नाहीत म्हणतात. वासरू अडलं की आत हात घालून फिरवावं लागतं काकू. दोन बोटांनी लगाम धरल्यासारखं. तीच दोन."

मी म्हटले, "बाई, मला सांगायचंय. तो फ्यूज..."

"नको. त्या गाडीचं नाव नका काढू. काका येतात, रोज इथे येऊन बसतात. पहिल्या दिवशी सगळं कबूल केलं त्यांनी. मी फार बोलले त्यांना. नको नको ते बोलले. ते नुसतं हो म्हणत राहिले. आता मला तो विषय संपवायचाय. तुम्ही विंचरा."

मी विंचरले. वेणी घालण्याइतके केस नव्हते.

रोज इथे येतात. मला सांगतात, काम शोधायला जातो.

३० मार्च, सोमवार

अठरा दिवसांत शेडमध्ये एकही गाडी आली नाही. बातमीला पाय असतात आणि आमच्या बाबतीत तर चार चाके होती. आजपासून हे मोठ्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपावर लागले, चाकांत हवा भरायला. पंपाने निळा सदरा दिला आहे. "हवेत काही जळत नाही," म्हणाले. मी हसले नाही, तेही हसले नाहीत.

हत्यारे तेल लावून पोत्यात गुंडाळली. शेड मोकळी झाल्यावर स्वयंपाकघरात उजेड फार येतो.

जप ऐंशी हजार झाला.

४ एप्रिल, शनिवार

उद्या बाई रुग्णालयातून सुटणार. त्यांना घरी पोचवायला हे जाणार आहेत, म्हणून खुंटीवरचा चांगला शर्ट धुवायला काढला. तो तीन आठवडे तसाच होता. घालून एकदा गेले म्हणून मी लगेच धूत नाही, कापड झिजते.

खिसा जड लागला. आत नवा फ्यूज होता, डबीसकट, अजून कागदात. त्याला गुंडाळलेली पावती. चष्मेवाल्याची. तारीख १२ मार्च.

मी नहाणीत पाटावर बसून राहिले. नळ चालू होता, तो बंद करायचेही सुचले नाही.

बारा मार्चला दुकान बंद होते म्हणाले. तेराला ह्यांनी मला लिहायला बसवले.

दुकानात होता असे लिही. सामान मी आणतो असे लिही. घरच्या माणसांचा संबंध नाही असे लिही. एक एक ओळ सांगताना हे माझ्याकडे बघत होते आणि मी मान खाली घालून अक्षर नीट काढत होते. मला वाटत होते, बरे झाले ह्यांना कळत नाही. भिडस्त म्हटले मी ह्यांना. ह्याच वहीत लिहिले.

शर्ट धुतला, वाळवला, इस्त्री केली. फ्यूज पावतीत होता तसा गुंडाळून परत खिशात ठेवला. दुसरे काय करावे ते सुचेना.

५ एप्रिल, रविवार

सकाळी ह्यांनी शर्ट चढवला. मी चहा गाळत होते. ह्यांचा हात खिशाकडे गेला आणि तिथेच राहिला.

"शर्ट धुतलास."

"हो."

"खिसे बघून?"

"बघून."

कपातल्या चहावर साय धरली. मग ह्यांनी खिशाचे बटण लावले.

"मीही येते," मी म्हटले. "बाईंना सांगते."

"नको."

"अहो, पण..."

"एकाला माफ केलंय तिनं. किती जड गेलं ते मी समोर बसून बघितलंय. आता परत पहिल्यापासून करायला लावू नकोस."

"आणि तुम्ही?"

हे चपला शोधत होते. समोरच होत्या. "मी गाडी तशीच जाऊ दिली," म्हणाले. "दाराला हात लावून उभा होतो आणि जाऊ दिली. चहा ठेव झाकून."

ते गेल्यावर सासूबाईंनी हाक मारली. उशी बसली होती. मी तोंडाने भरायला घेतली. आज ती भरेचना. फुंकावे तेवढे मागे येत होते. मी थांबले, श्वास घेतला, परत फुंकले.

सासूबाई माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, "रडत फुंकू नकोस गं. आत पाणी जाईल."